वाकड्या घराची डागडुजी

घर विकत घेण्याआधी जो सर्व्हे करून घेतला, त्यात लिहिलं होतं की इमारतीत पूर्वी बरीच हालचाल झालेली आहे आणि ती बहुधा थांबलेली आहे. त्या 'बहुधा'वर आम्हा नवराबायकोचा बराच काथ्याकूट झाला. हालचाल ओळखायला सर्व्हेयरची गरज नव्हती. दर्शनी बाजूचं डावं टोक खाली गेलेलं रस्त्यावरूनच दिसायचं. वरच्या खोलीत गोटी ठेवली तर ती खिडकीपासून दारापर्यंत आपली आपण जायची. बाबांनी चिपळूणहून व्हिडिओ कॉलवर घर पाहिलं आणि पीडब्ल्यूडीतल्या आयुष्यभराच्या नोकरीला स्मरून निकाल दिला, "अगं, पाडा ते. जागा चांगली आहे, नवं बांधा."

पाडता येणारच नव्हतं, हे त्यांना पटायला वेळ लागला. केंट आणि ससेक्सच्या सीमेवरच्या खेड्यातलं आमचं हे घर ग्रेड दोनच्या यादीत आहे. इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींची सरकारी यादी असते आणि तिच्यात तीन पायऱ्या असतात. बहुतेक इमारती शेवटच्या पायरीवर, म्हणजे ग्रेड दोनमध्ये येतात. तेव्हा आम्ही काही राजवाडा घेतला नव्हता. पण पायरी कुठलीही असो, इमारतीचं स्वरूप बदलेल असं काहीही आतून किंवा बाहेरून करायचं तर परवानगी लागते, आणि ती न घेता केलं तर 1990च्या कायद्यानुसार तो फौजदारी गुन्हा ठरतो. या अर्जाला फी नाही. अर्जासोबत लागणारे नकाशे आणि अहवाल मात्र कुणी फुकट करून देत नाही. शिवाय नवं घर बांधलं तर बांधकामावर व्हॅट शून्य आणि जुनं दुरुस्त केलं तर 20 टक्के. जुनी घरं जपा म्हणणाऱ्या देशाचा हा हिशोब मला अजून उलगडलेला नाही.

पहिल्यांदा जो ठेकेदार बघायला आला, त्याच्याकडे सगळ्याला उत्तर होतं. आतून प्लास्टरबोर्ड, बाहेरून नवं सिमेंट, लाकडाला औषध, आणि महिन्याभरात घर चकाचक. त्याच्यानंतर आला तो ओकच्या सांगाड्यांचं काम करणारा सुतार. त्याने भिंतींकडे बघितलंसुद्धा नाही. माळ्यावर जायची शिडी कुठे आहे, एवढंच विचारलं.

माळ्यावर आम्ही तोवर पेट्या ठेवण्यापुरतेच गेलो होतो. सुताराने बॅटरीचा झोत वर टाकला. मधल्या भागातले वासे कुळकुळीत काळे होते, दोन्ही टोकांचे मात्र तपकिरी. मला वाटलं कधीतरी आग लागली असणार. त्याने बोट फिरवून दाखवलं. बोटाला काजळी लागली, पण खालचं लाकूड कुठेही जळलेलं नव्हतं. तो धूर होता, रोजच्या चुलीचा, कित्येक पिढ्यांचा. म्हणजे ज्या ठिकाणी आता आमची मधली खोली, तिच्यावर झोपायची खोली आणि त्यावर माळा आहे, तिथे एके काळी मजलाच नव्हता. जमिनीपासून आढ्यापर्यंत सगळं एकच मोकळं दालन होतं. मधोमध जमिनीवर उघडी चूल पेटायची, धुराडं नव्हतं, आणि धूर वर चढून कौलांच्या फटींतून आणि छपराच्या टोकांशी ठेवलेल्या झरोक्यांतून जाईल तेव्हा जाईल.

या घरांना इथे 'वील्डन हॉल हाउस' म्हणतात. वील्ड हा केंट-ससेक्सचा जुना जंगलपट्टा, आणि चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सोळाव्याच्या सुरुवातीपर्यंत इथल्या बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी असलेल्या शेतकऱ्यांनी अशी घरं बांधली. मधे उघडं दालन, दोन्ही टोकांना दुमजली भाग. एका टोकाला धान्य आणि पेयं ठेवायच्या कोठ्या, दुसऱ्या टोकाला घरधन्याची खोली आणि तिच्यावर निजायची खोली. टोकांचे वरचे मजले दर्शनी बाजूला फूट-दीड फूट पुढे काढलेले असतात, मधलं दालन मात्र मागेच राहतं, आणि छप्पर तर सगळ्यावर एकच सरळ रेषेत. त्यामुळे मधल्या भागात वळचणीची तुळई भिंतीपासून सुटून हवेतून जाते आणि तिला खालून दोन वाकड्या ओकच्या कमानी पेलतात. आमच्याकडे या कमानी दिसतच नव्हत्या. कुणीतरी पूर्वी मधली भिंत पुढे ओढून दर्शनी बाजू सपाट करून टाकली होती, आणि तिच्यावर सिमेंट.

आपल्याकडे नक्की काय आहे हे कळावं म्हणून सुताराने आधी दोन घरं बघून यायला सांगितली. पहिलं आल्फ्रिस्टनचं क्लर्जी हाउस, ईस्ट ससेक्समध्ये. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने विकत घेतलेली ही पहिलीच इमारत, साल 1896, किंमत 10 पौंड. तेव्हा ती मोडकळीला आलेली होती. तिथल्या दालनाची जमीन खडूची आहे, कुटून आणि आंबट दूध घालून घट्ट केलेली. आईने फोनवर हे ऐकून विचारलं, "आणि वास?" वास येत नाही.

दुसरं घर बेलीफ. चिचेस्टरजवळ सिंगलटन गावी वील्ड अँड डाउनलँड म्हणून संग्रहालय आहे, जिथे ठिकठिकाणची जुनी घरं उचलून आणून पुन्हा उभी केलेली आहेत. बेलीफ मूळचं केंटमधल्या चिडिंगस्टोनचं. तिथे बो बीच धरणाचं पाणी साठणार म्हणून 1960च्या दशकाच्या अखेरीस ते लाकूड लाकूड करून सोडवलं आणि संग्रहालयात पुन्हा जोडलं. तिथे उभं राहिल्यावर मला घराची रचना पहिल्यांदा नीट कळली, कारण तिथे मधे कुणी मजला घातलेला नाही. मान वर करून बघितलं की सगळं एका नजरेत येतं. घराच्या रुंदीभर टाकलेली जाडजूड तुळई, तिच्या मध्यावर उभा असलेला बारीक खांब (त्याला क्राउन पोस्ट म्हणतात), त्या खांबाने पेललेलं घराच्या लांबीभर जाणारं लाकूड, आणि त्याच्यावर टेकलेल्या आडव्या पट्ट्या, ज्या वाशांच्या प्रत्येक जोडीला बांधून ठेवतात. खिडक्यांना काच नाही. चौकोनी गज कोपऱ्यावर उभे करून बसवलेले, आतून लाकडी झडप. घर धरणात गेलं असतं आणि त्याऐवजी जागा बदलून वाचलं, तेही अख्खं, हे शक्य झालं कारण या घरांत एकही भिंत भार घेत नाही. भार सगळा ओकच्या सांगाड्यावर. भिंती म्हणजे दोन लाकडांमधली जागा बुजवायला घातलेला कूड, काठ्या विणून मातीने लिंपलेला.

हे एकदा डोक्यात बसलं की वाकडेपणाची भीती निम्म्याने जाते. मध्ययुगातला सुतार लाकूड वाळवत बसायचा नाही. ओक वाळला की इतका कठीण होतो की पटाशी चालत नाही, म्हणून झाड पाडून ओलं असतानाच घडवायचे आणि उभं करायचे. मग ते जागच्या जागी वाळायचं, आकसायचं, पिळा घ्यायचं. घर वाकणार हे बांधणाऱ्याला माहीतच होतं. आमच्या घरातला बराचसा बाक पहिल्या काही दशकांतला आहे, असं सुताराचं मत पडलं. डावं टोक खचलं होतं ते मात्र अलीकडचं, आणि तिकडे आपण येऊच.

संग्रहालयातून आल्यावर सुताराने घर वाचायला घेतलं. वाचायला असंच मी म्हणेन, कारण तो अक्षरशः खुणा शोधत फिरायचा. बॅटरी लाकडाला समांतर धरली की एरवी न दिसणारे ओरखडे सावली टाकतात. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना पटाशीने कोरलेले आकडे होते, रोमन आकड्यांसारखे, फक्त चारला चार रेघा. घर आधी सुताराच्या आवारात जमिनीवर आडवं मांडलं जायचं, एकेक लाकूड शेजारच्या लाकडावर ठेवून ओळंब्याने खुणा करून घडवलं जायचं. त्यामुळे तिसऱ्या खांबाचं कुसू, म्हणजे टोकाला कोरलेली जीभ, फक्त तिसऱ्याच तुळईच्या भोकात बसणार. मग सगळं सोडवून गाडीत घालून जागेवर न्यायचं आणि आकडे जुळवून उभं करायचं. आमच्याकडे एका टोकाला आकड्यांचा क्रम तुटतो. तिथलं छप्पर कधीतरी उतरवून पुन्हा चढवलेलं आहे.

काही खुणा आता नसलेल्या गोष्टींच्या होत्या. मधल्या खोलीतल्या तुळईच्या पोटाला एका ओळीत चौकोनी खाचा होत्या, कोपरे पुढेमागे केलेल्या. बेलीफमध्ये पाहिलेले गज आठवले. तिथे दालनाची उंच खिडकी होती. दुसऱ्या एका लाकडाखाली गोल भोकांची रांग आणि त्याच्या बरोबर खालच्या लाकडात सलग खोबण, म्हणजे तिथे कुडाची भिंत होती आणि कुणीतरी ती काढून टाकली. अशी रिकामी भोकं दिसली की इथे शेजारीपाजारी हमखास सांगतात की लाकूड जुन्या जहाजांचं आहे. आमच्या शेजारच्या आजोबांनीही सांगितलं, तेही आरमारी जहाजाचं नाव घेऊन. समुद्र इथून लांब, रस्ते चिखलाचे, आणि ओकची जंगलं घराच्या दाराशी. जहाज मोडून इथवर कोण वाहून आणणार? आजोबांना मी हे सांगितलं नाही. त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलेलं होतं.

घराचं वय ठरवायला लाकडाची वर्तुळं मोजून बघावी असा नवऱ्याचा हट्ट होता. पेन्सिलीएवढा नमुना पोकळ गिरमिटाने काढतात, वर्तुळांच्या जाडीचा क्रम आधीच तयार असलेल्या क्रमांशी ताडतात, आणि साल शाबूत असेल तर झाड कोणत्या वर्षी, कोणत्या ऋतूत पाडलं इथपर्यंत सांगता येतं. बेलीफचा दालनाचा भाग असाच पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा ठरला आणि एक टोक त्यानंतर सुमारे शतकभराने जोडलेलं निघालं. आमच्या नमुन्यांचं उत्तर आलं, 'जुळत नाही.' झाडं भराभर वाढलेली होती, वर्तुळं रुंद आणि थोडी, आणि थोड्या वर्तुळांचा क्रम कुठेही बसवता येतो. मग सांध्यांच्या धाटणीवरून आणि क्राउन पोस्टवरून पंधरावं शतक एवढंच लिहून अहवाल पूर्ण झाला. नवरा खट्टू झाला. मला काही वाटलं नाही.

परवानगीच्या अर्जाचा भाग मी भरभर सांगते, कारण तो कंटाळवाणा होता. नकाशे झाले, इमारतीच्या महत्त्वाचं टिपण झालं, प्रत्येक लाकडाचा फोटो आणि त्याचं काय करणार हे लिहून झालं. मग वटवाघळं निघाली. इथे सगळ्या जातींच्या वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि ती हजर नसली तरी त्यांच्या राहत्या जागेला आहे. माळ्यावर लेंड्या सापडल्या, म्हणून उन्हाळ्यात संध्याकाळी माणसं खुर्च्या टाकून बाहेर बसली आणि कुठून किती वटवाघळं उडतात ते टिपत राहिली. आमचं छपराचं काम त्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे ठरलं. माळ्यावरच्या एका कोपऱ्याला अजूनही कोणी हात लावायचा नाही.

जुन्या घरांच्या अधिकारी बाईंशी मात्र माझं चांगलं जमलं. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "मधला मजला काढून दालन पुन्हा उघडं करायचा विचार आहे का?" बेलीफ पाहून आल्यापासून तो विचार होताच. त्यांचा स्पष्ट नकार होता. मधला मजला आणि विटांचं धुराडं सोळाव्या शतकात आलं, म्हणजे तेही आता चारशे वर्षांहून जुनं. ते काढून 'मूळ' घर आणायचं तर चारशे वर्षांचं घर मोडायचं. विल्यम मॉरिस हा कवी-कारागीर आणि त्याच्या मित्रांनी 1877 साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती याच भांडणातून. त्या काळी चर्चं खरवडून, नंतरची भर काढून, त्यांना कल्पनेतलं मध्ययुगीन रूप द्यायची टूम होती, आणि मॉरिसचं म्हणणं होतं की दुरुस्ती करा, जीर्णोद्धाराच्या नावाखाली खोटं रचू नका. संग्रहालयात घर उचलून नेलं की एक काळ निवडावा लागतो. राहत्या घराला ती सक्ती नाही. मला हे पटलं, नवऱ्याला अर्धवट पटलं. काळी लाकडं आणि पांढऱ्या भिंती अशी आमच्या डोळ्यांपुढे असलेली 'इंग्लिश घरा'ची रंगसंगतीसुद्धा बऱ्याच अंशी व्हिक्टोरियन काळाची हौस निघाली. या भागात ओक राखाडी होऊ द्यायचे किंवा लाकूड-भिंत सगळ्यावर सरसकट चुना मारायचे.

सिमेंट काढायला सुरुवात झाली तेव्हा खरं दुखणं कळलं. कुठल्याशा मागच्या मालकाने विसाव्या शतकात सगळ्या बाहेरच्या बाजूवर सिमेंटचा जाड गिलावा चढवला होता. लाकूड ओलं होतं, वाळतं, थोडं हलतं. सिमेंट हलत नाही, त्याला केसासारख्या चिरा जातात. चिरांतून पाणी आत जातं आणि सिमेंटमागे अडकून राहतं. चुन्याचा गिलावा ओला होतो आणि वाऱ्याने पुन्हा वाळतो. सिमेंटमागचं लाकूड वाळतच नाही. डाव्या टोकाला जोत्यावर टेकलेली तळची आडवी तुळई बोटाने उकरता येत होती. तिच्यात उभे असलेले दोन खांब खालून गुडघाभर कुजलेले. खचणं आलं ते इथून.

त्यात डेथवॉच बीटल. ओल्या, बुरशी लागलेल्या जुन्या ओकमध्ये राहणारा हा भुंगेरा वसंतात डोकं लाकडावर आपटून जोडीदाराला बोलावतो, आणि शांत रात्री ते ऐकू येतं. आम्ही ते ऐकून पाइपचा आवाज समजत होतो. औषध फवारायला सुताराचा विरोध होता. भोकं वरून दिसतात, अळी आत खोल असते, फवारा तिथवर पोचत नाही, आणि मधल्या मधे कोळी मरतात जे भुंगेरे खातात. लाकूड कोरडं करा, भुंगेऱ्याला आपोआप जगणं कठीण होईल. पैसे वाचवणारा सल्ला देणारा कारागीर मला त्याआधी भेटला नव्हता.

आईबाबा नेमके याच सुमारास राहायला आले. घराला बाहेरून पालखांब-फळ्यांची परांची, डाव्या टोकाची भिंत उघडी, आत ताडपत्री. बाबा ओळंबा मागायचे बाकी होते. पहिल्याच सकाळी त्यांनी सुताराला गाठलं. सांधे कसले, भार कुठून कुठे उतरतो, वाऱ्याला काय? सुताराने खाली बसून विटेवर खडूने काढून दाखवलं. खांबाचा माथा बुंध्यापेक्षा रुंद का? तर झाड उलटं उभं केलं आहे, मुळाकडचा फुगीर भाग वर, कारण त्या एका माथ्यावर दोन वेगळी कुसवं काढायची असतात, एक भिंतीवरच्या तुळईत आणि एक आडव्या तुळईत शिरणारं. आडवी तुळई वरून कबुतराच्या शेपटीच्या आकाराच्या सांध्याने बसते, म्हणजे छपराचा रेटा भिंतींना बाहेर ढकलायला लागला की सांधा आणखी आवळतो. बाबा गप्प झाले. मग म्हणाले, "हे सगळं ठीक. पण लाकूड जळतं. शनिवारवाडा 1828 साली जळला, आत जोती तेवढी उरली." मी भाषांतर केलं. सुतार म्हणाला, जाड ओक जळताना मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला राखतो; बारीक लाकूडसामान, गवताचं छप्पर, पडदे यांची गोष्ट वेगळी. आकडा मिळाल्यावर बाबांचं समाधान झालं. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात, पण बाबांनी त्या दुपारी माळ्यावर जाऊन ते खरोखर मोजले आणि वहीत मापांसकट लिहून ठेवले. पुण्यात पावसाळ्यात ढासळणारे वाडे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. तिथेही भार सागवानी खांब-तुळयांवरच असतो आणि कुजतो तो खांबाचा तळ किंवा भिंतीत गाडलेलं तुळईचं टोक, हे त्यांनीच मला सांगितलं. चिपळूणला त्यांचं स्वतःचं घर चिऱ्याचं आहे.

जुनं लाकूड किती काढायचं, यावर सुताराने एक नियम घातला होता: करवत कुजलेला भाग संपतो तिथे थांबेल, इंचभरही पुढे जाणार नाही. खांब अख्खा बदलणं सोपं आणि स्वस्त पडलं असतं. त्याऐवजी खांबाचा कुजका पाय कापून चांगल्या लाकडात लांब सांधा काढायचा आणि नवा पाय जोडायचा. नवं लाकूडही ओकच, पण अगदी ओलं नको, कारण ते आकसलं की जुन्यापासून सुटेल. जाडीच्या प्रत्येक इंचाला साधारण एक वर्ष असा वाळण्याचा हिशोब आहे, म्हणून एवढ्या मापाचं पूर्ण वाळलेलं लाकूड मिळत नाही. काही वर्षं उघड्यावर ठेवलेलं मिळालं, त्यावर भागवलं.

त्याच्या शेडमध्ये मी जमेल तेव्हा जाऊन बसायचे. करवतीने मोठा भाग जायचा, पण सांध्याची शेवटची सफाई पटाशीने आणि लाकडी मोगरीने. ताज्या ओकला आंबूस वास येतो आणि लोखंडाचं हत्यार त्याच्यावर विसरलं तर निळा-काळा डाग पडतो, लाकडातल्या टॅनिनमुळे. म्हणून या कामात जिथे बोल्ट लागतात तिथे स्टेनलेस स्टीलचेच. बाकी सगळं खुंट्यांवर. खुंटी वाळलेल्या ओकची, करवतीने न कापता उभी चिरलेली, म्हणजे रेषा तुटत नाहीत. भोक पाडताना कुसवातलं भोक मुद्दाम दोन-तीन मिलिमीटर आत सरकवतात. निमुळती खुंटी ठोकत गेलं की ती दोन्ही भोकं सरळ आणायला बघते आणि सांधा करकचून ओढला जातो. गोंद नाही, खिळा नाही. एक खुंटी मला ठोकायला दिली. शेवटच्या दोन घावांना आवाज बदलतो, तेव्हा थांबायचं.

घर उचलणं हा सगळ्यांत धास्तीचा टप्पा. तुळईखाली टेकू, टेकूखाली हायड्रॉलिक जॅक, आणि दिवसाला काही मिलिमीटर. मला वाटलं होतं डावं टोक पूर्वीच्या पातळीला आणणार. तसं केलं असतं तर पाचशे वर्षांत घराने जी बसण जुळवली होती ती तुटली असती: धुराडं वेगळं झालं असतं, वरच्या तुळयांचे सांधे फाटले असते. अलीकडे जेवढं खचलं, तेवढंच वर घ्यायचं. एका संध्याकाळी वरच्या खोलीचं दार, जे आम्ही आल्यापासून घासत होतं, अडकायचं थांबलं. सुतार म्हणाला, बास. जॅक तिथेच थांबवले आणि नवी तळची तुळई सरकवली.

कुडाचं काम आम्ही घरच्यांनी केलं आणि त्यात मी तरी कुणापेक्षा कमी नव्हते. माझ्या आजीच्या घरी मागच्या पडवीला कूड होता, दरवर्षी दिवाळीआधी तो लिंपायचा. इथेही पद्धत फार वेगळी नाही. वरच्या भोकात चिरलेल्या ओकची काठी घालायची, खाली खोबणीत सरकवत बसवायची, आणि मग हेझलच्या ओल्या फोका आडव्या विणायच्या. माती आमच्याच परसातली, चिकण. त्यात काडाचे तुकडे, शेण आणि पाणी घालून पायांनी तुडवायचं. भाकरीच्या पिठाइतकं आलं की गोळे करून दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दाबायचे, म्हणजे मधे एकजीव होतं. आईने पदर खोचून एक चौकट जवळजवळ एकटीने भरली आणि वर अंगठ्याने खरबरीत रेघा ओढल्या. का ते तिने सांगितलं नाही, सुताराला सांगावं लागलं नाही: पुढचा थर धरावा म्हणून. शेजारचे आजोबा कुंपणापाशी येऊन बराच वेळ बघत होते. शेणाचं त्यांना नवल नव्हतं, साडीचं होतं.

माती वाळली, चिरली, चिरा भरल्या, आणि मग तिच्यावर चुन्याचा गिलावा, केस मिसळलेला. विरवलेला चुना सिमेंटसारखा झटकन धरत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत आठवडेच्या आठवडे घट्ट होतो, आणि त्या काळात त्याला ऊनही सोसत नाही, वाराही नाही, गारठा तर मुळीच नाही. भिंतींवर ओली गोणपाटं टांगून ठेवायची. शिडकाव माझ्याकडे होता. कामावर जायच्या आधी आणि आल्यावर.

सिमेंट निघाल्यावर मधल्या भागात दोन्ही वाकड्या कमानी सापडल्या, पुढे ओढलेल्या भिंतीच्या आत गाडलेल्या. ती भिंतही सतराव्या-अठराव्या शतकातली, म्हणून तिला पाडायची नाही. आत जिन्याखालच्या कपाटाची मागची फळी काढली की एक कमान हात लावता येईल इतकी जवळ दिसते. पाहुण्यांना आम्ही कपाट उघडून दाखवतो. तिच्यावर थेंबाच्या आकाराचा एक जळका डाग आहे. असे डाग मेणबत्ती चुकून लागल्याचे नसतात, मुद्दाम ज्योत धरून केलेले असतात, घरावर संकट येऊ नये म्हणून, असं अभ्यासक मानतात. दिव्याने दृष्ट काढणाऱ्या घरात वाढलेल्या माझ्या आईला यात शंका घेण्यासारखं काही वाटलं नाही.

राहायला घर थंड आहे. नव्या लाकडाशेजारच्या चौकटी पहिल्या हिवाळ्यात आकसल्या, फटींतून वारा आला, आणि त्या आम्ही पुन्हा चुन्याने भरल्या. आणखी एक-दोन वर्षं हे करावं लागणार. नव्या पायांवर सुताराने आतल्या बाजूला वर्ष कोरलं आहे, म्हणजे पुढच्याला जुनं-नवं कळेल. जुन्या लाकडाशेजारी ते पिवळं उठून दिसतं, पण त्याला रंग लावून जुनं दाखवायचं नाही असं परवानगीच्या अटींत लिहिलेलं आहे, आणि तशीही इच्छा नाही. गोटी अजून घरंगळते, पूर्वीपेक्षा सावकाश. उत्तरेकडच्या भिंतीचे सफेदीचे तीन हात बाकी आहेत. थंडीची भीती पुरती गेल्याशिवाय चुना लावायचा नाही, म्हणून पिंप शेडमध्ये झाकून ठेवलं आहे, आणि मेमध्ये बाबा पुन्हा येणार आहेत ते सफेदीची कुंचली चिपळूणहूनच आणतो म्हणाले आहेत. इथल्या कुंचल्या त्यांना पसंत नाहीत.